निम्म्यात घाला, निम्म्यात नको

वाळंज सरांच्या डोक्याची डावी बाजू तेलानं चपचपीत आणि उजवी कोरडी ठणठणीत होती. तेव्हाच मी माणूस ओळखायला हवा होता. पण कोळवणच्या बाजूच्या त्या शाळेत मी नुकताच रुजू झालो होतो. मराठीच्या मास्तरानं विज्ञानाच्या मास्तराच्या डोक्याची चौकशी पहिल्याच आठवड्यात करू नये, एवढी रीत मला कळत होती. शेवटी पांडुरंग शिपायानं मला बाजूला घेतलं. सरांच्या मेव्हण्यानं केस उगवायचं तेल विकायला घेतलं होतं आणि सर ते निम्म्या डोक्यावर लावून बघत होते. निम्म्याच का, असं मी विचारल्यावर पांडुरंगानं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "समद्याला लावलं तर कळायचं कसं?" तो म्हणाला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर सर टोपी काढून स्टाफरूममध्ये बसले आणि एकेकाला बोलावून त्यांनी डोकं तपासून घेतलं. दोन्हीकडं सारखंच टक्कल होतं. मेव्हण्याचं तेल खोऱ्यात कुणी घेईना आणि मेव्हणा काही वर्षं बहिणीच्या दारात पाऊल टाकीना. सरांना त्याचं फार वाईट वाटलं, पण निकाल काही त्यांनी बदलला नाही.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं: निम्म्यात घाला, निम्म्यात नको. मग ते खत असो, फवारा असो, नाहीतर कुणा महाराजांचा अंगारा असो. कुणी येऊन म्हणालं की अमक्या औषधानं माझं भात कंबरेएवढं झालं, की सर कधीही 'खोटं' म्हणायचे नाहीत. "आसंल बी," म्हणायचे, आणि लगेच पुढचा प्रश्न यायचा, "शेजारचं कसं हुतं?" ज्या खाचरात काहीच घातलं नव्हतं ते कसं होतं, हे सांगता आलं नाही तर समोरच्याला चहा मिळायचा, पण मान्यता मिळायची नाही. वर्गात ते निरीक्षण, अनुमान, पुरावा असे जड शब्द शुद्ध भाषेत फळ्यावर लिहून देत. शाळा सुटून लेंगा वर खोचला आणि खाचरात उतरले, की तोच सगळा अभ्यासक्रम त्या एका प्रश्नात बसायचा. मुलांनी त्यांचं नाव 'निम्मे सर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

हा सोस घरातही चाले. गुडघे दुखायला लागले तर मलम एकाच गुडघ्याला. लोणच्याच्या दोन बरण्या, एकीत कुणीतरी सांगितलेली युक्ती आणि एकीत नाही. मारुंजीला सोसायटीत राहणारा त्यांचा मुलगा गॅलरीतल्या गुलाबाला अंड्याच्या टरफलांचं पाणी घालतो असं फोनवर म्हणाला, तर सरांनी त्याला दुसरी कुंडी विकत घ्यायला लावली. सुलोचना वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, हे सगळं सोसत आल्या होत्या. एकदा मला चहा देताना म्हणाल्या, "लगीन तेवढं ह्यांनी तपासून केलं न्हाई बघा. शेजारी दुसरी न्हवती म्हणून माझं निभावलं." सर पेपरात तोंड खुपसून बसले होते, ते तसेच बसून राहिले.

पुण्याच्या लोकांनी खोऱ्यात बंगले बांधायला घेतले आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, तेव्हा सरांना निवृत्तीनंतरचं काम आयतंच मिळालं. रोज सकाळी कुणाच्या तरी फोनवर शेतीचं नवं ज्ञान उतरायचं. ताकात गूळ घालून फवारा, अमावास्येला पेरा, यंत्र पुरा, मंत्र म्हणा. लोक फोन हातात घेऊन सरांच्या ओट्यावर यायचे आणि निम्मं खाचर मोकळं सोडायचं वचन देऊन परत जायचे.

त्यातले केळकर साहेब माझ्या कायमचे लक्षात राहिले. कोथरूडचे निवृत्त इंजिनिअर, सरांच्या बांधाला बांध. भाताला सकाळ-संध्याकाळ बासरी ऐकवली की दाणा भरतो, असं त्यांनी कुठंतरी पाहिलं आणि खाचरात खांब रोवून वर कर्णा बसवला. सर म्हणाले, ऐकवा की, पण सगळ्याला नको. आता अडचण अशी की खत बांधापाशी थांबतं, बासरी थांबत नाही. शेवटी टेकाडाच्या पलीकडचं, बासरी पोचणार नाही असं केळकरांचंच दुसरं खाचर ठरलं. तेवढ्यानं सरांचं समाधान होईना. त्या खाचरातही तसाच खांब आणि तसाच कर्णा हवा, फक्त बंद, असं त्यांनी सांगितलं. इकडं माणूस रोज कळ दाबायला जाणार, त्याच्या येण्याजाण्यानंही काही फरक पडत असेल, तर तिकडंही माणूस रोज गेला पाहिजे.

हे काम केळकरांच्या गड्याकडं आलं. रामलखन नावाचा बिहारकडचा पोक्त माणूस होता तो. दोन-तीन दिवस त्यानं निमूट केलं, मग सरांना बांधावर गाठून म्हणाला, "साहब, वो तो बंद है." सर शांतपणे म्हणाले, "मालूम हाय. बंद हाय म्हणूनच चालू करनेका." रामलखननं आकाशाकडं पाहिलं आणि हंगामभर बंद कर्णा रोज नेमानं चालू केला.

निकाल लागला तो असा की दोन्ही खाचरांत भात सारखंच आलं, पण दोन्ही खाचरांत खांबाच्या आसपासचं भात बाकीच्यापेक्षा चांगलं होतं. केळकर हरखले, सर मात्र चक्रावले. पुढच्या हंगामात ते छत्री घेऊन बांधावर बसू लागले, आणि मग उलगडा झाला. खांबावर कोतवाल पक्षी येऊन बसत आणि तिथून झेप घेऊन भातावरचे किडे टिपत. बासरी वाजली काय न वाजली काय, त्यांना बसायला जागा मिळाल्याशी मतलब. सरांनी खोऱ्यातल्या झाडून सगळ्यांना खाचरात वाळक्या फांद्या रोवायला लावल्या. केळकर साहेबांनी पुण्यातल्या मित्रांना कळवलं की कर्णा बंद असला तरी गुण येतो.

आता कुणी म्हणेल, सर जुन्या समजुतींच्याच मागे लागले होते. नव्या समजुतींचीही त्यांनी गय केली नाही. एका कंपनीचा माणूस टॉनिकच्या बाटल्या घेऊन मोटारसायकलवर आला. बाटलीवर एवढं इंग्रजी होतं की औषधाला जागा उरली असेल की नाही अशी मला शंका आली. रस्त्यालगतच्या एका खाचराच्या तुकड्यावर फवारा मारून त्यानं पाटी लावली होती आणि तो तुकडा खरोखरच हिरवागार दिसत होता. शेजारचा पिवळट होता. मंडळी जमली, बाटल्या निघायला लागल्या. सरांनी शेजारचं पाहिलं आणि विचारलं की ही जागा निवडली कुणी. त्या माणसानंच निवडली होती. मग सरांनी खाचराच्या मालकाला विचारलं, उन्हाळ्यात म्हशी कुठं बांधत होतास. मालकानं पाटीकडंच बोट दाखवलं. उन्हाळाभराच्या शेणामुताचं श्रेय बाटली घेत होती. सर त्याला म्हणाले, हरकत नाही, आपण नव्यानं करू, चिठ्ठी टाकून तुकडे ठरवू, एका पंपात टॉनिक घाला, दुसऱ्यात नुसतं पाणी. तो माणूस दुसरा पंप आणायला म्हणून गेला तो आमच्या बाजूला परत फिरकला नाही.

अशानं दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी सरांची गत झाली. विषमुक्त शेतीवाले त्यांना कंपनीचा माणूस म्हणत आणि औषधांचे दुकानदार त्यांना शेणवाले मास्तर म्हणत. लग्नाच्या पंगतीत दोन्हीकडचे लोक त्यांच्या शेजारी बसायचं टाळायचे. त्यामुळं त्यांना ऐसपैस जागा मिळायची आणि ते सावकाश जिलबी खायचे. पण एखादी गोष्ट खरी ठरली की तिचा प्रचारही ते तेवढ्याच ईर्ष्येनं करत. बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं, हे त्यांनी निम्म्यात-निम्म्यात करून पारखलं आणि पटल्यावर दारोदार मिठाची पिशवी घेऊन हिंडले. मला शेत नव्हतं, तरी माझ्याही घरी आले.

असा हा माणूस एका बाबतीत मात्र अडून बसला. ती बाब म्हणजे राब.

आमच्याकडं भाताचं रोप जिथं करायचं त्या जागेवर उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पाला, शेण, गवत यांचे थर रचतात, वर माती पसरतात आणि पेटवून देतात. यालाच राब भाजणं म्हणतात. त्या भाजलेल्या जागेत पावसाच्या तोंडावर बी टाकायचं. एप्रिल-मे महिन्यांत लवाशाच्या रस्त्यावरून खाली पाहिलं तर खोरं जागोजागी धुमसताना दिसतं. हे सगळेच करत आले आणि सरही करत आले.

काही वर्षांपूर्वी मनीषा आमच्या भागात कृषी सहायक म्हणून आली. ती सरांचीच विद्यार्थिनी, खालच्या आळीतली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मारुतीच्या देवळासमोर तिनं बैठक घेतली आणि सांगितलं की झाडं तोडून, शेण जाळून राब भाजू नका. तेच शेण आणि पाला कुजवून घाला, माती उंच करून गादीवाफे करा, रोप तेवढंच चांगलं येईल. लोक नेहमीप्रमाणे सरांकडं बघायला लागले. सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला होता.

"राब भाजल्याबिगर भात हुत न्हाई," ते म्हणाले. "ह्याला तपासायची गरज न्हाई."

मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. मनीषानं खाली बघत, अगदी अदबीनं विचारलं, "सर, न भाजलेलं शेजारचं कसं हुतं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर तडक निघाले. घरी पोचेपर्यंत त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात सरपंचांची. ती परत आणायच्या निमित्तानं मला त्यांच्याकडं पाठवण्यात आलं.

सर ओट्यावर बसले होते. मग आपण होऊन सांगायला लागले. ते शिकून गावात परत आले त्या वर्षी त्यांचे वडील अर्धांगानं बाजेला खिळले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. शेती पहिल्यांदाच एकट्या सरांवर आली होती. अंगात नवी पदवी होती. त्यांनी ठरवलं, राब भाजणं हा अडाणीपणा आहे.

"बाजेवरनं दादा रोज इचारायचे, राब भाजला का?" सर म्हणाले. "मी म्हणायचो, त्यात काय अर्थ न्हाई दादा. त्यांना नीट बोलता बी येत न्हवतं. तेवढंच इचारायचे."

त्या वर्षी रोप उगवलंच नाही म्हणावं इतकं विरळ आलं. लावणीला काही उरलं नाही. दादांच्या हट्टापायी चौघांनी बाज उचलून बांधावर नेली. त्यांनी मोकळी खाचरं पाहिली आणि एक शब्द बोलले नाहीत. दिवाळीच्या आधी ते गेले. "शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं," सर म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यापासून त्यांनी दर वर्षी राब भाजला होता.

चप्पल हातात धरून मी तसाच उभा होतो. वहिनी आतून भांडी घासता घासता बोलल्या. "त्या साली मी नवी नवरी हुते. शेजारच्यांचं कसं आलं हुतं ते तुमी कुटं बघितलंत? तुमी तर घराबाहेर पडायचं सोडलं हुतं."

सरांनी मान वर केली. आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला, तो या एका गोष्टीत त्यांनी स्वतःला विचारलाच नव्हता. एकच साल, एकच खाचर आणि शेजारी काही नाही. एवढ्या पुराव्यावर त्यांनी कुणाला मिठाचा खडाही विकू दिला नसता.

पण तपासायचं म्हणजे काय होणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. "भाजलेलं जिंकलं, तर दादांचं शेवटचं भात मी घालवलं," ते म्हणाले. "न भाजलेलं टिकलं, तर दादा चुकले. कुटनंबी मलाच लागतंय."

दोन दिवसांनी मनीषाला निरोप गेला. वहिनींनी चिठ्ठी काढली, निम्म्यात राब भाजला, निम्म्यात कुजलेलं शेण घालून गादीवाफा केला, आणि सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की निकाल लागेपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवू नका. ते बरंच झालं. कारण एके दुपारी वहिनींनी त्यांना न भाजलेल्या वाफ्यात चोरून तण उपटताना पकडलं, आणि दुसऱ्या दिवशी भाजलेल्या वाफ्यावर राखेची मूठ फेकताना. नक्की कोणाला जिंकवायचंय, असं वहिनींनी विचारलं, तर सरांना सांगता येईना. मग त्यांना वाफ्यापाशी जायला बंदी झाली. ते लांब आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रोप केवढं झालंय ते विचारायचे. सगळं गाव उत्तर देताना जपून बोलायचं.

रोप दोन्हीकडं चांगलं आलं. न भाजलेल्या वाफ्यात तण मात्र बेसुमार होतं आणि ते काढता काढता वहिनींची कंबर धरली. दोन्ही वाफ्यांतल्या रोपांची वेगवेगळ्या खाचरांत लावणी झाली, गणपती गेले, दसरा गेला, कापणी झाली. दोन्ही खाचरांचं भात वेगवेगळं झोडून देवळासमोर काट्यावर घातलं, तेव्हा बैठकीला होते त्याहून जास्त लोक जमले होते. फरक सुपभराचाही नव्हता.

मनीषानं विजय मिरवला नाही, हे तिचं मला फार आवडलं. उलट म्हणाली, सर, खुरपणीचे कष्ट बघितले तर भाजणारे अगदीच वेडे न्हवते, भाजल्यानं तण मरतं हे खरंच हाय. सरांनी मान डोलावली आणि एका सालावरून काही ठरत नाही, पुढच्या साली परत करू, असं बजावलं. मग ते भाताच्या राशीजवळ उकिडवे बसले.

"मंग त्या साली कशानं गेलं?" त्यांनी मनीषाला विचारलं.

"बी जुनं आसंल सर. पावसानं दडी मारली आसंल. खेकड्यांनी बी खाल्लं आसंल. आता कसं कळणार?"

"म्हंजे माहीत न्हाई."

"माहीत न्हाई सर."

"पर माझ्यामुळंच गेलं, आसंबी म्हणता येत न्हाई."

"न्हाई म्हणता येत."

सरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणाले. भुसा खरोखरच उडत होता, त्यामुळं याबाबत माझ्याकडं पुरावा नाही. पण त्या दिवशी घरी जाताना ते मला इतके हलके वाटले की मी त्यांना सायकलवर डबलसीट घेतलं असतं. मला त्यांचा हेवा वाटला. 'माहीत नाही' या उत्तरानं एवढं सुख झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढच्या सालीही त्यांनी तोच प्रयोग केला, निकाल तसाच लागला, आणि त्यानंतर त्यांनी राब भाजणं सोडलं. गावात काहींनी सोडलं, काहींनी नाही. गेल्या वर्षी श्रावणात सर गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता.

ते मला शेवटचे भेटले त्या आधीच्या उन्हाळ्यात. मी एसटीतून उतरून बांधाबांधानं त्यांच्या घराकडं चाललो होतो. खोऱ्यात तीन-चार ठिकाणी धूर होता, आणि त्यातला एक सरांच्या खाचरातून येत होता. मला धक्काच बसला. जवळ जाऊन पाहिलं तर खाचराच्या कोपऱ्यात, एखादं सूप मावेल एवढ्याच जागेवर, त्यांनी पालापाचोळा आणि दोन गोवऱ्या रचून पेटवल्या होत्या. शेजारी उन्हात डोक्यावर उपरणं घेऊन एकटेच बसले होते.

मी म्हटलं, "सर, आता हा कसला प्रयोग?"

"प्रयोग न्हाई. ह्यात काय पेरायचं न्हाई."

त्यांनी काठीनं गोवरी आत सरकवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "दादा रोज इचारायचे. भाजला, म्हणून सांगितलं आज."